काटेरी पालवी

सुमिएने ते झाड विकत घेतलं तेव्हा त्याच्या कुंडीत सिगरेटची थोटकं खुपसलेली होती. धाकट्या भावाच्या, कोहेईच्या, अस्थी आणायला म्हणून ती इटलीला गेली होती. कोहेई ज्या घरात भाड्याने राहायचा त्याच्या मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांखाली ते उभं होतं. फांद्यांना वळण द्यायला कोहेईने गुंडाळलेली तांब्याची तार तशीच होती आणि ती सालीत रुतून बसली होती. पाणी घातलं असेल तर ते पावसाने. घरमालक मोठा बिलंदर. कालपर्यंत ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्या झाडाचा, हिचे डोळे भरलेले दिसताच, त्याने भाव सांगितला. सुमिएने घासाघीस केली नाही. ते शिम्पाकू होतं, जपानच्या डोंगरकड्यांवरचं ज्युनिपर, कुंडीत बुटकं वाढवलेलं. तरुणपणी घर सोडताना कोहेईने काखोटीला मारून नेलं ते एवढंच.

घर सोडलं ते बापामुळे, हे साऱ्या गावाला ठाऊक. ताकामात्सुजवळच्या त्या गावात बोन्सायच्या वाफ्यांशिवाय दुसरं आहे काय? कोणाच्या वाफ्यात काय झालं ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं. कोहेईने वर्षभर खपून पाइनचं एक झाड तारेने वळवून घडवलं होतं. इवाकिचीने, म्हणजे बापाने, गिऱ्हाइकांदेखत कात्री घेतली आणि त्याची मुख्य फांदी छाटून टाकली. "लोकांना दाखवण्याआधी झाडाला विचारलंस का, गाढवा?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोरगा घरात नव्हता. त्यानंतर म्हाताऱ्याच्या तोंडून त्याचं नाव कधी निघालं नाही. अस्थी घरी आल्या तेव्हा त्याने देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली, हात जोडले. पण नाव? छे! हेका म्हणजे किती असावा माणसाला!

परक्या मुलखाची माती जपानमध्ये येऊ देत नाहीत. त्यामुळे झाडाच्या मुळ्या कणभर मातीही न ठेवता धुऊन, उघड्यानागड्या आणाव्या लागल्या. ऐन थंडीत सुमिएने ते लाकडी खोक्यात लावलं. आता इवाकिचीच्या पायात बळ राहिलं नव्हतं. ओसरीवरच्या खुर्चीतून तो हुकूम सोडत होता.

"दोन वर्षं हात लावायचा नाही. कात्री नाही, तार नाही. नुसतं पाणी आणि सावली."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत सगळ्यांनाच असतं. आणि हिरवं दिसतंय म्हणून हुरळू नकोस. शिम्पाकू मेलं तरी महिनोन्महिने हिरवं राहतं. सोंगाडं झाड आहे. टोचायला लागलं की मला सांग."

सुखातल्या शिम्पाकूची पालवी मऊ असते, बोटांतून सुतासारखी फिरते. पण मोठा घाव सोसून जे झाड पुन्हा जगायला धडपडतं, त्याला सुयांसारखी काटेरी पालवी फुटते. दिसायला अगदी ओंगळ. पण झाडाची नाडी हीच.

यंदा कोहेईचा पहिला ओबोन येणार होता. ऑगस्टातल्या या सणाला मेलेली माणसं घरी येतात. जो नुकताच गेला त्याला वाट सापडावी म्हणून त्या वर्षी दारात पांढरा कंदील लावतात. फक्त त्याच वर्षी, पुन्हा नाही.

"कंदील लावायचा ना, बाबा?" सुमिएने भीतभीत विचारलं.

"झाड टोचू दे. मग बघू."

सुमिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटचा पोरगा गेला आणि हा माणूस झाडाशी सौदा करतोय! पण रोज सकाळी ती आधी त्या खोक्यापाशी जायची, मग चहाचं आधण ठेवायची.

जूनमध्ये काटे फुटले. तिने खोकं उचलून ओसरीवर आणलं. म्हाताऱ्याने हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"आई गं! चावतंय की!" तो हसला. इतका हसला की खोकल्याने बेजार झाला. "लाव तो कंदील. घरात असताना कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही, आता बघ कसा आलाय."

'आलाय' म्हणाला. कोण, ते मात्र गिळलं. सुमिएला तेवढ्याने पुरेना. बाबा या शरद ऋतूतली लाल पानं बघणार नाहीत, असं डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी भावाला नावाने हाक मारावी, एवढीच तिची भूक होती. त्याशिवाय कंदिलाच्या उजेडात तो येऊन तरी काय करणार? तिच्या मनाने घेतलं, की कोहेईने अर्धवट ठेवलेलं काम आपण पुरं करायचं. जुन्या तारेच्या वळांवरून त्याच्या मनात काय होतं ते तिला लख्ख दिसत होतं. ओबोनला ते रूप बापापुढे ठेवलं की त्यांना पाझर फुटेल.

शेजारची हिसानोकाकू कुंपणावरून बघत होती. "सुमिए, भर जुलैच्या उन्हात तार? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"बाबांकडे दोन वर्षं आहेत कुठे, काकू?"

"झाडाकडे तरी आहेत ना!"

सुमिएने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रुतलेली तार तिने तुकड्या-तुकड्याने काढली. सालीला ओली गवताची दोरी गुंडाळून जाड फांदी इंचाइंचाने खाली वाकवली. शेवटी चिमटा घेतला आणि काटेरी पालवी एकूण एक खुडून काढली. काटेरी झाड कोणी मांडून ठेवतं का? झालं मात्र दृष्ट लागेल असं. कड्यावरून वाऱ्यात झुकलेलं, हिरवंगार, गुळगुळीत.

ओबोनला दारात पांढरा कंदील लागला. चार माणसं आली, झाडापुढे वाकली, "वा, वा" म्हणाली. हिसानोकाकूसुद्धा म्हणाली, "हात मात्र बापाचाच घेतलायस हो." इवाकिचीला उचलून खुर्चीत बसवलं. त्याने हात पुढे केला, पालवीवरून फिरवला, पुन्हा फिरवला, आतल्या फांद्यांमध्ये बोटं घातली.

"काटे कुठे गेले?"

"काढले, बाबा. आज माणसं यायची होती, म्हणून..."

हात तिथेच राहिला. बोटांनी त्याने खुडलेली टोकं एकेक चाचपली. मग म्हणाला, "मीसुद्धा कोहेईच्या फांदीला हेच केलं होतं. माणसं बघत होती म्हणून."

नाव निघालं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते असं निघालं. धरणीने पोटात घ्यावं असं सुमिएला झालं. तिने त्याच दिवशी सगळी तार सोडवली, झाड सावलीत नेलं, रोज पाण्याचा फवारा मारत राहिली. झाड हिरवं होतं. छान तजेलदार दिसत होतं. येणारा-जाणारा कौतुक करत होता आणि तिला बापाचं 'सोंगाडं झाड' आठवत होतं. शेवटी एका सकाळी तिने नखाने साल खरवडली. आतून कोरडी, तपकिरी. दुसऱ्या फांदीची खरवडली, खोडाची खरवडली. सगळीकडे तेच.

इवाकिची आता अंथरुणावरच असायचा. रोज विचारायचा, "टोचतंय का?"

"टोचतंय, बाबा. पुन्हा फुटलंय."

"मग आण ना. हात लावू दे."

सुमिए परसात गेली. विहिरीपाशी एक कोवळं शिम्पाकू होतं, कोवळेपणी ही झाडं काटेरीच असतात. त्याची एक डहाळी तिने तोडली आणि बापाच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती अंगठ्याने हळूहळू चोळली, एकदा, मग उलटी करून पुन्हा. हयात गेली होती त्याची या पानांत.

"हे विहिरीकडचं," तो म्हणाला.

सुमिएने त्याच्या पायाशी बसून पांघरुणात तोंड लपवलं.

त्याने सावकाश मूठ मिटली. "रडू नकोस. मी आता त्याच्याकडेच चाललोय. झाड जगलं म्हणून सांगतो कोहेईला."

डहाळीसकट मूठ तशीच ठेवून त्याला अग्नी दिला. ते झाड तेव्हाही हिरवंगार होतं. दुखवट्याला आलेली माणसं जाता जाता त्याच्यापाशी थांबत, वाखाणत, आणि सुमिए हो हो म्हणून मान हलवत होती.