माझ्या भांड्यात धोत्रा

मित्रांनो, यंत्राला मन नसते असे लोक म्हणतात. नसेल. मी वरकुटे गावातल्या महिपती आबांच्या घरातला मिक्सर आहे. माझ्यावर एक खोटा आळ आला होता आणि तो आठवला की बटण न दाबताही मी तापतो.

या घरात मला पारखून आणले होते. आबांची सून निकिता आणि तिचा नवरा शिवम इंदापूरच्या दुकानात आले, तेव्हा दुकानदार त्यांना काचेच्या भांड्यांचा, रस काढणारा मोठा मिक्सर दाखवत होता. शिवम त्याच्या चकाकीला भुललाही होता. निकिता म्हणाली, "दादा, आमच्याकडं रस कोण पितंय? शेंगदाण्याचा कूट, ओलं वाटण आन् चटणी, एवढं निभलं म्हंजी झालं. मोटार दणकट पायजे. आन् पातं झिजलं तर हितंच मिळाया पायजे."

तिने मला चालू करायला लावले, कान देऊन आवाज ऐकला. झाकण दाबून पाहिले. झाकणाची रबरी रिंग काढून पुन्हा बसवून पाहिली. मग म्हणाली, "ह्योच द्या." मला फार अभिमान वाटला.

तिने मला वापरलेही तसेच जपून. भांडे कधी गळ्यापर्यंत भरले नाही. भाजलेला कांदा निवल्याशिवाय माझ्यात घातला नाही. मोटार गरम झाली की ती थांबायची. काम झाल्यावर पात्याखाली जुना ब्रश फिरवायची. तिच्या सासूला, सिंधुबाईंना, मी सुरुवातीला आवडलो नव्हतो. "पाट्याची चव न्हाय ह्याला," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले, पाट्यापुढे बसवेना. मग त्याच म्हणू लागल्या, "बाई, ह्यो हाय म्हणून घरात चटणी हाय."

आबांचा जीव डाळिंबाच्या बागेत. किडीसाठी ते झाडपाल्याचा अर्क बनवून फवारत. कडुनिंब, करंज, कण्हेर, धोत्रा, अशा ज्यांना जनावरेही तोंड लावत नाहीत त्या झाडांचा पाला ते गोठ्यातल्या दगडावर ठेचत आणि पिंपात भिजत घालत. किडीला ते औषध होते, माणसाला विष. आबांना हे पुरते ठाऊक होते, म्हणून तर मला त्यांचा राग येतो.

एके दिवशी सासू-सून अंथुर्णे गावी बारशाला गेल्या होत्या. शिवम बागेत होता. आबा पाल्याची पाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात आले. दगडावर ठेचायचा कंटाळा, दुसरे काय! त्यांनी माझ्या भांड्यात पाला कोंबला, वरून हाताने दाबला आणि बटण शेवटच्या आकड्यावर नेले. देठे पात्याला गुंडाळली. मी घरघरलो, मोटारीला जळका वास आला, तरी ते घाणा घातल्यासारखे वाटतच राहिले. शेवटी तांब्याभर पाण्याने भांडे विसळले आणि होते तसे फळीवर पालथे घातले. पात्याखाली हिरवा लगदा तसाच चिकटून राहिला. मी कुणाला काय सांगणार? माझा आवाज एकच, आणि तोही दुसऱ्याच्या बोटावर अवलंबून.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिताने कोथिंबीर-मिरचीची चटणी केली. बारशाला जाण्याआधी तिनेच भांडे घासून ठेवले होते, त्यामुळे तिला शंका येण्याचे कारण नव्हते. हिरव्यात हिरवे मिसळून गेले. सिंधुबाईंना साखरेची गोळी असते, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी जेवतात. भाकरीबरोबर चटणी खाऊन त्या म्हणाल्या, "कोथमीर कडू हाय का गं?"

"जून असंल, आत्या," निकिता म्हणाली.

थोड्या वेळाने त्यांना उलट्या सुरू झाल्या. जीभ कोरडी पडली. मग त्या भलतेच बोलू लागल्या. कधीच वारलेल्या भावाला हाका मारू लागल्या. शिवमने शेजारच्या बिरदेव तात्यांच्या गाडीतून त्यांना इंदापूरला दवाखान्यात नेले. घरी निकिता आणि आबा राहिले, आणि शेजारच्या सारजाबाई धावत आल्या.

"ह्या मिक्सरचं प्लॅस्टिक बाधलं असंल," सारजाबाई मला बोट दाखवून म्हणाल्या. "न्हायतर भांडं नीट धुतलं नसंल पोरीनं."

आबा दारात उभे होते. त्यांनी हे ऐकले आणि ते जमिनीकडे बघत राहिले.

तेवढ्यात शिवमचा फोन आला. निकिताने तो मोठ्या आवाजावर लावला. "आईच्या डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात. डॉक्टर इचारत्यात, काय इषारी पोटात गेलंय का? लवकर सांगा."

"चटणी न् भाकरी. दुसरं काय न्हाय," निकिता म्हणाली. बोलता बोलता तिने माझे भांडे ओढले, पात्याखाली ब्रश घातला. दोऱ्यासारखी चिवट देठे बाहेर आली. तिने ती हुंगली आणि सासऱ्याकडे पाहिले. "मामा, ही कोथमिरीची न्हाईत."

तिकडे शिवम "हॅलो, हॅलो" करत होता. शेवटी आबा फोनजवळ आले. "शिवम, डॉक्टरला सांग, धोत्रा हाय. धोत्रा न् कण्हेर. काल म्या फवाऱ्याचा पाला ह्यात वाटला."

विष कळले, म्हणून उपचार नेमका झाला. सिंधुबाई वाचल्या आणि काही दिवसांनी घरी आल्या.

इथेच सारे संपते तर माझा राग निवला असता. पण लोक भेटायला येऊ लागले, आणि आबा बिरदेव तात्यांना काय म्हणाले ते ऐका. "मिक्सरच खराब निघाला, बिरदेव. पातं गंजलं हुतं. आन् पोरींनी बी जरा बघून धुवाया पायजे."

गंजले होते! माझे पाते आरशासारखे लखलखत होते.

निकिता चहा घेऊन आली होती. तिचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "तात्या, मिक्सर चांगला हाय, मी पारखून आणलाय. भांडंबी धुतल्यालं हुतं. त्यात धोत्रा वाटला तो मामांनी."

"डॉक्टरला सांगितलं की म्या," आबा पुटपुटले.

खाटेवरून सिंधुबाई बोलल्या, "सांगितलं म्हणून मी जित्ती हाय. मग गावाला येगळं का सांगताय? आवं, माझा जीव गेला असता, आन् नाव ह्या पोरीचं गेलं असतं."

आबांनी हातातला चहा खाली ठेवला. ते म्हणाले, "चुकलं, बिरदेव. पाला म्या वाटला. पोरीचा काय दोष न्हाय."

आता घरात नवा मिक्सर आहे. तो सासू-सुनेने मिळून निवडला. आबा दुकानाबाहेर पिशवी धरून उभे होते म्हणे. मी गोठ्यात असतो. माझ्या भांड्यावर लाल रंगाने 'औषध' लिहिले आहे. ज्यात एकदा विष वाटले त्यात पुन्हा खाण्याचे काही वाटू नये, हे मलाही पटते. पण शिक्षा कुणाला झाली ते बघा. आबा आत बसून जेवतात आणि मी बाहेर पाला वाटतो.

मित्रांनो, शेतातले औषध आणि चुलीजवळचे भांडे एकमेकांजवळ आणू नका. जिला रोज रांधायचे आहे तिलाच तिचे यंत्र निवडू द्या, आणि ते कशासाठी आहे हे घरातल्या पुरुषांनीही शिकून घ्या. काही बिघडले तर रांधणारीकडे बोट दाखवण्याआधी विचारा, की मध्ये कुणाचा हात लागला होता. आणि ज्याचा लागला असेल त्याने आपणहून बोलावे. दवाखान्यातून फोन येण्याची वाट बघू नये.