पहिल्या धारेचा वास

माझी बायको ग्वेरोंग गेली, त्याला या हिवाळ्यात वर्ष होईल. लूचौ शहरातल्या दारूभट्टीत आम्ही दोघं कामाला होतो. मी वाफ सांभाळायचो. ती दारूची धार पडते त्या नळीपाशी बसायची आणि कोणता घडा ठेवायचा, कोणता परत कढईत ओतायचा, ते वासावरून ठरवायची.

एका वसंतात छंगतूहून फू नावाचे इंजिनियर आले. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला : पहिला घडा कढईत ओता, शेवटचा जपून ठेवा. त्या दिवशी सात नंबरचा जुना खड्डा उघडला होता. त्यात सत्तर दिवस दारूची ज्वारी आंबली होती. त्यातला पहिला घडा ओतला असता तर गेलाच होता.

"मावशी, ओता," फू ग्वेरोंगला म्हणाले.

"हात दुखतोय."

"अहो, तो अननसासारखा वास आपल्याला हवाय ना? त्या वासाचं द्रव्य एकशे सदुसष्ट अंशांना उकळतं. दारू अठ्ठ्याहत्तरला, पाणी शंभरला. मग ते शेवटीच येणार की!"

"शेवटी ओल्या गोणपाटाचा वास येतो. सर्दी झालीय का, फू मास्तर?"

भट्टीवरची माणसं हसली. फू लाल झाले. "हुकूम लेखी आहे. मोडलात तर उद्यापासून या जागेवर बसता येणार नाही."

मी घाबरलो. "ओत ना गं. कशाला वाकड्यात शिरतेस?"

"तू तुझी वाफ बघ, म्हाताऱ्या."

तिनं दोन वाडगे घेतले. एकात पाणी, दुसऱ्यात कडक दारू. दोन्हींत पहिल्या घड्यातली एकेक पळी टाकली. दारू होती तशीच राहिली, वासही दबलेला. पाणी मात्र दुधाळ झालं आणि अननसाचा वास असा उसळला की दारातला हमालसुद्धा वळून बघायला लागला.

फूंनी पाण्याचा वाडगा तीनदा हुंगला. मग म्हणाले, "एकशे सदुसष्ट हा आकडा ते द्रव्य एकटं असतानाचा. कढईत सगळं पाणीच पाणी, आणि पाण्याशी त्याचं अजिबात पटत नाही. म्हणून पहिल्या वाफेबरोबरच पळतं. मावशी, मी पुस्तकातला आकडा बघितला, शेजार बघितलाच नाही."

"आता बघितलात ना? झालं तर."

त्यांनी सगळ्यांसमोर हुकुमावर काट मारली. पहिला घडा तिनं स्वतः बांधून कोठारात नेला. माणूस मोठा, चूक कबूल करायला लाजला नाही. मग ते टोपली पालथी घालून तिच्याजवळ बसले आणि कोणता वास कशानंतर येतो, ते विचारू लागले. ती सांगत होती, ते लिहीत होते. दुपारच्या जेवणाच्या शेवया वाडग्यात फुगून गेल्या तरी दोघं उठले नाहीत.

सव्वीस वर्षं मी तिच्या शेजारी वाफ सांभाळली. यातलं काहीच मी तिला कधी विचारलं नव्हतं.