कालिंदीबाईंच्या मापाचा मुखवटा

मी एक जुना मुखवटा आहे. जत्रेत विकायला असतात तसा रंगीत नव्हे. साध्या पारदर्शक प्लास्टिकचा, आता पिवळट पडलेला. कलकत्त्यातल्या एका इस्पितळाच्या तळघरात, लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात मी राहतो. माझ्या गळ्याजवळ लाल शाईची फुली आहे आणि कानाजवळ सत्तेचाळीस हा आकडा. मित्रांनो, हा आकडा माझ्यावर कसा आला, ते तुम्हाला सांगतो.

१९७४ सालची गोष्ट. बालीगंजला राहणाऱ्या कालिंदी भागवत यांच्या घशात गाठ निघाली. त्यांचे यजमान चारुदत्त केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन तीन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेले. कालिंदीबाई दर रविवारी आजूबाजूच्या मराठी मुलांना घरी जमवून वाचायला शिकवत. दिवाळीत त्यांचा आवाज बसला तो सुटेचना. फेब्रुवारीत तर नुसती कुजबुज उरली. डॉक्टरांनी कोबाल्ट यंत्राचे तीस शेक सांगितले.

त्या शेकाचे किरण नेमके गाठीवरच पडावे लागतात. माणसाचं डोकं जरासुद्धा हलून चालत नाही. म्हणून मृणालबाबूंनी मला बनवलं. यंत्र चालवायचे तेच आणि साचे घडवायचेही तेच. त्यांनी कालिंदीबाईंच्या चेहऱ्यावर आणि गळ्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या बसवल्या, त्यावरून साचा केला आणि त्या साच्यावर तापलेलं प्लास्टिक ओढून मला आकार दिला. बाईंच्या नाकाचं डावीकडे जाणारं किंचित वळण, हनुवटीवरची खळी, सगळं माझ्यात उतरलं.

माझं काम एकच होतं, त्यांना धरून ठेवणं. तळघरातल्या यंत्राखालच्या फळीवर त्या उताण्या निजत, मृणालबाबू मला त्यांच्या तोंडावर बसवत आणि चारी कोपरे स्क्रूने आवळत. "दीदी, हिलना नहीं," एवढं म्हणून ते बाहेर जात. जाडजूड दार सरकत बंद होई. आत फक्त यंत्र, त्या आणि मी. त्यांना सुटता येत नसे, तसं मलाही येत नसे. त्यांचा श्वास माझ्या आतल्या बाजूला गरम लागायचा. डोळ्यांसाठी ठेवलेल्या भोकांतून त्या छतावरचा एक डाग बघत राहायच्या.

अकराव्या शेकाला भर दुपारी वीज गेली. कलकत्त्यात त्या काळी वीज जाणं रोजचंच होतं. यंत्रातले किरण आपोआप बंद झाले, तो धोका नव्हता. पण विजेवर चालणारं दार अडकलं. खोलीत मिट्ट काळोख झाला. कालिंदीबाईंनी ओरडायचा प्रयत्न केला, पण घशातून आवाज निघाला नाही. त्या डोकं हलवू लागल्या तशा माझ्या कडा त्यांच्या गालांत रुतल्या. त्यांना सोडावं असं मला किती वाटलं. पण मी जितका घट्ट, तितका चांगला म्हणून घडवलेला. मृणालबाबूंनी हाताने चाक फिरवून दार उघडलं, तोवर सात मिनिटं झाली होती.

बाहेर आल्यावर त्या चारुदत्तांना हळूच म्हणाल्या, "अहो, मी परत नाही निजायची तिथे."

दुसऱ्या दिवशी यजमानांनी समजूत घालून त्यांना आणलं, तर पुढे वेगळंच वाढून ठेवलेलं. बिलांच्या खिडकीशी नलिनी नावाची मुलगी बसायची. तीही मराठी, पण जन्म इथलाच. उपचारातल्या प्रत्येक गोष्टीला यादीतला क्रमांक देऊन ती बिल करायची. उपचार सुरू होतानाच पाठवलेलं बिल चारुदत्तांच्या कचेरीतून परत आलं होतं. त्यावर शेरा होता: 'प्लास्टिक मुखवटा ही बाब उपचारात मोडत नाही. खुलासा येईपर्यंत पुढील मंजुरी नाही.' आणि मंजुरीच्या पत्राशिवाय शेकाच्या यादीत नाव घालायचं नाही, असा इस्पितळाचा नियम होता.

चारुदत्त खिडकीवर ओणवे झाले. "औषध म्हणून लिहा ना. औषधाला कोणी विचारत नाही."

"खोटं निघालं तर सगळी फाईल बंद होईल, काका," नलिनी म्हणाली. "चूक माझीच आहे. मला मुखवटा दिसला, मी मुखवटा लिहिलं. तो कशाला लागतो हे खाली जाऊन कधी बघितलंच नाही."

मग ती खाली आली. फळी, स्क्रू, गळ्याजवळची फुली तिने नीट पाहिली. नियमांच्या पुस्तकात तिला सत्तेचाळिसावी बाब सापडली: रुग्णाच्या मापाने, डॉक्टरांच्या लेखी आज्ञेवरून बनवलेलं उपचार-साधन. तिने नवं बिल केलं, त्यावर डॉक्टरांची सही घेतली आणि वस्तू व कागद जुळावेत म्हणून माझ्या कानाजवळ तो आकडा घातला. पण टपालाने उत्तर यायला दोन आठवडे लागले असते, आणि चार दिवसांहून जास्त खंड पडला तर आधीचे शेक वाया जातील असं डॉक्टर सांगत होते.

"आपण हातोहात नेऊ," नलिनी म्हणाली.

बाकावर बसलेल्या कालिंदीबाई उठल्या. "मीही येते."

वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीतून मी ट्रामने कचेरीत गेलो. तिथे बिलं मंजूर करणारे घोषालबाबू काही दुष्ट नव्हते. त्यांनी नवं बिल वाचलं, जुनं वाचलं आणि चष्मा काढून शांतपणे विचारलं, "नाव बदललं म्हणून वस्तू बदलते का?"

नलिनीने नव्या बिलावरच्या डॉक्टरांच्या सहीवर बोट ठेवलं.

तेव्हा कालिंदीबाईंनी मला पिशवीतून काढलं. भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून त्यांनी मला स्वतःच्या हाताने चेहऱ्यावर चढवलं, डोकं भिंतीला टेकलं आणि दोन्ही बाजूंनी मला दाबून धरलं. आजवर मला कोणीतरी त्यांच्यावर बसवलं होतं. असं त्यांनी पहिल्यांदाच केलं. त्यांच्या गळ्याची नस माझ्या फुलीखाली धडधडत होती.

आजूबाजूची टंकलेखन यंत्रं थांबली.

"ही फुली कशाची?" घोषालबाबूंनी विचारलं.

"किरण तिथून आत जातात," नलिनी म्हणाली. "डोकं हललं तर भलतीकडे जातील, पाठीच्या कण्यातसुद्धा."

"असं रोज?"

"रोज. एकटीने, बंद खोलीत. काल वीज गेली तेव्हा अंधारात सात मिनिटं."

घोषालबाबू उठून उभे राहिले. "काढायला सांगा ते. मी सही करतो."

कालिंदीबाईंनी मान हलवली नाही, हातही सोडले नाहीत. सही झाली, शिक्का बसला, मगच त्यांनी मला खाली घेतलं.

उरलेले एकोणीस शेक झाले. भीती गेली असं नाही. रोज त्यांच्या मुठी वळलेल्याच असत. पण वीज साधारण कधी जाते याची चौकशी करून नलिनीने त्यांचं नाव सकाळी आठच्या यादीत घातलं, आणि दार बंद होताना ती स्वतः खाली येऊन उभी राहू लागली.

काम संपलेले मुखवटे टाकून देतात. मी मात्र सत्तेचाळिसाव्या बाबीखाली नोंदलेलं साधन; इस्पितळाच्या वस्तूंची सरकारी तपासणी होईपर्यंत मला जपून ठेवणं भाग होतं. तपासणी झाली, ती करणारे साहेब गेले, माझं नाव नोंदवहीतून काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

वर्षभराने कालिंदीबाई तपासून घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मला बघायला मागितलं. नलिनीने कपाट उघडलं. बाईंनी मला चेहऱ्याला लावलं, पण गाल भरले होते; मी नाकापाशीच अडलो.

"बसत नाही गं आता," त्या म्हणाल्या. आवाज थोडा घोगरा होता, पण खोलीभर ऐकू गेला.

मी घडलो तो त्यांना अचूक बसावा म्हणून. त्या दिवशी बसलो नाही, याचा मला फार आनंद झाला. मग दोघी बोलत बोलत जिना चढल्या आणि कपाटाला कुलूप लागलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशाच एखाद्या खिडकीमागे बसेल. कागदावर वस्तूचं नाव लिहिण्याआधी एकदा उठून खाली जा, ती कोणाच्या अंगावर आवळली जाते ते बघून या. आणि खाली आलातच, तर माझं नाव त्या नोंदवहीतून खोडून टाका, म्हणजे मीही सुटेन.