इटलीच्या घाटाची शिकवणी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, चालेल. खटारा म्हणाल तर हॉर्न वाजवीन. माझा हॉर्न अजून शाबूत आहे.

मी गिअरची गाडी आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी गिअर पाहिलाही नसेल, कारण इथे अमेरिकेत गाडी म्हणजे एक पाय वापरायचा आणि दुसरा पाय पाहुण्यासारखा बसवून ठेवायचा. माझ्याकडे दोन्ही पायांना काम आहे. डाव्या पायाने क्लच दाबायचा, हाताने गिअर टाकायचा, मग क्लच हळू सोडायचा, तेव्हा कुठे मी हलते. आयतं काही नाही.

माझा जन्म फ्रीमाँटचाच. फ्रीवेच्या कडेला जो मोठा कारखाना आहे, तिथून मी बाहेर पडले आणि दोन-तीन सिग्नल ओलांडून याच गावात नांदायला आले. माहेर आणि सासर एकाच गावात, असं भाग्य किती जणींना मिळतं? त्या कारखान्यात आता विजेवरच्या, बिनआवाजाच्या गाड्या बनतात. येतात कधी, जातात कधी, कळत नाही. आमच्या वेळी घरातलं माणूस वळणावर आलं की आवाजानेच कळायचं, कुकर खाली उतरवायला वेळ मिळायचा.

मी शाळेत गेलेले नाही. वाचता येतं ते रस्त्यावरच्या पाट्यांपुरतं. पण माणूस ओळखायला मला शाळा लागत नाही. सीटवर बसला की कळतो.

मला घेतलं मोरेश्वरांनी. ते म्हणायचे, "गिअरची गाडी आपण चालवतो, बाकीच्या आपल्याला चालवतात." बोलले ते, चालवली मात्र त्यांच्या बायकोने. शैलजाबाई साताऱ्याहून आली तेव्हा तिला सायकलसुद्धा येत नव्हती, आणि वर्षभरात ती मला अशी चालवायला लागली की मागचे लोक लेन बदलायचे. रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडायचं, भारतातून नवीन आलेल्यांना वाणसामान आणायला न्यायचं, मंडळाच्या गणपतीचं जेवण पोचवायचं, सगळं माझ्यावर. एकदा मागच्या सीटवर आमटीचं पातेलं होतं आणि सिग्नलला कुणीतरी मध्ये घुसलं. शैलजाबाईने ब्रेक मारला, आमटी पुढे आली. पुढे वर्षभर मला चिंचगुळाचा वास येत होता. पण त्या वर्षी आभार मानताना मंडळाच्या अध्यक्षांनी माझंही नाव घेतलं होतं. टाळ्या पडल्या म्हणे. मी बाहेर पार्किंगमध्ये होते, तरी ऐकल्या.

मग दिवस बदलले. मोरेश्वर गेले. मुलगा निमिष मोठा झाला, त्याचं नागपूरच्या आश्लेषाशी लग्न झालं, अनया झाली. विजेवरची गाडी आली आणि गॅरेजमध्ये तिच्यासाठी भिंतीवर वायर लागली. मला एका कोपऱ्यात सरकवलं. माझ्या टपावर दिवाळीच्या दिव्यांचे खोके, अनयाची लहानपणीची सायकल, आणि कुणालाच नको असलेली व्यायामाची चटई. शैलजाबाईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि डावा गुडघा म्हणजे क्लचचा गुडघा. ती मला चालवेनाशी झाली. तरी अधूनमधून निमिषला मला बाहेर ढकलायला लावून न्यूट्रलमध्ये चालू करायची आणि बसून राहायची. बॅटरी मरू नये म्हणून. कुणी विचारलं तर म्हणायची, "तिचा खोकला काढतेय."

आता मुद्द्याचं सांगते.

या वर्षी घरात इटलीला जायचं निघालं. लिगुरिया म्हणून तिकडचा एक प्रांत आहे. खाली समुद्र, आणि लगेच वर डोंगर, डोंगरावर दगडी गावं. आमच्या गॅरेजचं दार स्वयंपाकघरात उघडतं, म्हणून जेवणाच्या टेबलावरचं सगळं मला ऐकू येतं. रोज लॅपटॉप उघडून आश्लेषा गावं सांगायची आणि निमिष समुद्राकाठची हॉटेलं सांगायचा.

शैलजाबाईला मात्र एकच गाव हवं होतं. वर डोंगरात लुचिया नावाच्या बाईचं घर होतं, भाड्याने देण्याचं. अनयाच्या फोनवर मराठी बोललं की पलीकडे इटालियन ऐकू यायचं, त्यामुळे या दोघी म्हाताऱ्या तासन् तास गप्पा मारायच्या. लुचिया संगमरवरी खलात हिरव्या पानांची चटणी कुटते, पेस्तो म्हणतात. शैलजाबाईने तिला ऐकवलं होतं, "तू तुझी कुट, मी माझी लसणीची कुटते, समोरासमोर होऊन जाऊ दे." त्या बाईने म्हणे उत्तर दिलं, "तुझा बत्ता घेऊन ये." तेव्हापासून शैलजाबाईची बॅग भरलेली होती. तळाला लोखंडी खलबत्ता.

"आई, विमानात वजन बघतात," निमिष म्हणाला.

"बघू दे. कपडे कमी घेते."

अशात एका संध्याकाळी इटलीतल्या गाडी भाड्याने देणाऱ्यांचा निरोप आला. निमिषने गाडी बुक केली होती, पण ऑटोमॅटिक आहे का ते पाहिलंच नव्हतं. जन्म गेला अमेरिकेत, गाडी म्हणजे ऑटोमॅटिकच असं धरून चालला. तिकडे बहुतेक गाड्या गिअरच्या. आणि त्या आठवड्यात त्यांच्याकडे ऑटोमॅटिक एकही शिल्लक नव्हती.

"नो प्रॉब्लेम," निमिष म्हणाला. "आपण डोंगर कॅन्सल करू. कोस्टवर ट्रेन आहे ना, आरामात फिरू."

"मला समुद्र नको," शैलजाबाई म्हणाली. "समुद्र इथे तासाभरावर आहे. पाय घातला की बर्फ. मला लुचियाकडे जायचंय."

"टॅक्सीने जाऊ?" आश्लेषाने विचारलं.

"टॅक्सी वर सोडून निघून जाईल," निमिष म्हणाला. "मग तिथे आठवडाभर काय करायचं? दूध आणायलासुद्धा खाली यावं लागतं. सोड ना आई."

"अरे, मग गिअरची चालवायला शीक. गॅरेजमध्ये मास्तरीण उभी आहे."

निमिष नखं कुरतडायला लागला. हे कुरतडणं मी ओळखते. लहानपणी शाळेतून चिठ्ठी आली की तो मागच्या सीटवर असाच बसायचा.

"आई, तिला शनिवारी नेणार आहेत," तो म्हणाला. "एका संस्थेला डोनेट केलीय. टो ट्रक येणार आहे. तुला सांगणारच होतो."

मित्रांनो, माझ्या रेडिएटरमधलं पाणी थिजलं.

"मला विचारलंस?" शैलजाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. ती आवाज चढवते तेव्हा घाबरायचं नसतं, चढवत नाही तेव्हा घाबरायचं असतं.

"यार आई, कुणी चालवतच नाही तिला."

"मी चालवते," आश्लेषा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ही पोरगी नागपुरात बिनगिअरच्या स्कूटीवर वाढलेली.

"तू?" निमिष हसला.

"शनिवारपर्यंत मला चढावर गाडी उभी करून पुन्हा नीट वर नेता आली, तर डोंगर पण राहील आणि ही पण राहील. नाही आली तर दोन्ही कॅन्सल. चालेल, आई?"

"चालेल काय, पळेल," शैलजाबाई म्हणाली.

आधी निमिषच बसला, कारण त्याला म्हणे हायस्कूलमध्ये येत होतं. मला आठवतंय काय येत होतं ते. आठवड्याभरात माझा क्लच जाळला होता. त्याने मला चालू केलं, क्लच सोडला, मी उडी मारली, आणि रीसायकलिंगचा डबा आडवा झाला. शेजारच्यांनी पडदे सरकवले. तो उतरला आणि म्हणाला, "ही गाडी सेफ नाही."

"गाडी सेफ आहे," शैलजाबाई म्हणाली. "तू सेफ नाहीस."

मग आश्लेषा. रोज ऑफिसमधून आली की देवळामागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. शेजारच्या सीटवर शैलजाबाई, मागे अनया. पहिल्या दिवशी मी किती वेळा बंद पडले ते मी मोजलं नाही, लाज वाटली. तिची नाही, माझी. देवळात येणारे लोक आरती सोडून आमच्याकडे बघत होते.

"सोड. हळू सोड. अगं, शिंकल्यासारखा काय सोडतेस?"

"हळूच सोडते ना, आई!"

"हे हळू? शिऱ्याला तूप सुटायला लागलं की हाताला कळतं ना, कालथा हलका होतो? तसंच पायाला कळतं. गाडी जराशी थरथरते. तिथे थांबायचं."

"आई, मी शिरा मायक्रोवेव्हमध्ये करते."

शैलजाबाई खिडकीबाहेर बघत बसली. मागून अनया म्हणाली, "आजी, यूज अ डिफरंट एक्झाम्पल."

मग शैलजाबाईचं लक्ष खाली गेलं. आश्लेषाच्या पायात जाड तळव्यांचे धावायचे बूट होते, गादीसारखे. "हे काढ आधी. गाद्या बांधून कधी काही कळतं का?" आश्लेषाने डावा बूट काढला. मोज्यातला पाय क्लचवर आला, आणि इतक्या वर्षांनी मला पुन्हा कुणाच्या तरी तळपायाची ऊब लागली. मी थरथरले. ती म्हणाली, "आई! कळलं!" आणि आम्ही सरकलो. न उडी मारता, न खोकता. देवळाच्या पार्किंगला पूर्ण चक्कर झाली. आरतीहून निघालेल्या एका काकांनी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या मी पार्किंगमध्येच ऐकायच्या, असं नशिबात दिसतंय.

पण सपाटीवर कुणीही चालवेल. चढ वेगळा. चढावर थांबलं की गाडी मागे यायला बघते. मग हँडब्रेक ओढून धरायचा, क्लच अर्धा सोडायचा, मी पुढे ओढ घेतली की हँडब्रेक खाली. तीन गोष्टी, एकाच वेळी. आश्लेषाला तिन्ही एकदम जमेनात. शुक्रवारी ती मागे आली ती थेट कुणाच्या तरी गुलाबांपर्यंत. घरी मला लावून ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली.

"आई, माझ्यामुळे तुमचं लुचियाकडे जायचं राहणार."

"राहिलं तर मी तुला जन्मभर ऐकवीन," शैलजाबाई म्हणाली. "म्हणून उद्या सकाळी जमव."

शनिवारी सकाळी टो ट्रक यायच्या आधी आम्ही निघालो. मिशन पीक डोंगराच्या पायथ्याशी वर चढत जाणारी एक गल्ली आहे. ऐन चढावर स्टॉपची पाटी. ही पाटी मला वाचता येते, आणि मला ती कधीच आवडली नाही. आश्लेषाने थांबवलं. हँडब्रेक ओढला. तेवढ्यात मागे एक भलामोठा पिकअप ट्रक येऊन अगदी चिकटून उभा राहिला.

तिने क्लच सोडला. मी बंद पडले. ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"मॉम, ही इज सो क्लोज!" अनया ओरडली.

शैलजाबाईने खिडकी खाली केली, हात बाहेर काढला, आणि ट्रकवाल्याला मराठीत सांगितलं, "थांब रे जरा. लेकरू शिकतंय." त्याला काय कळलं देव जाणे, पण तो थांबला. इतकंच नाही, वीतभर मागे सरकला.

आश्लेषाने पुन्हा किल्ली फिरवली. डावा बूट तिने घरीच काढून ठेवला होता. क्लच अर्ध्यावर आला. मी थरथरले. ती तिथेच थांबली. मित्रांनो, खरं सांगते, मी तिला मदत केली नाही. मी कुणाला फुकटचे मार्क देत नाही. तिने श्वास सोडला, हँडब्रेक खाली केला, आणि मी वर गेले. मागे बोटभरही नाही. वर पोचल्यावर तिघी इतक्या ओरडल्या की माझ्या काचा हलल्या. ट्रकवाला शेजारून जाताना अंगठा वर करून गेला.

"पुन्हा," शैलजाबाई म्हणाली. "एकदा जमलं तर नशीब असतं."

पुन्हा केलं. पुन्हा जमलं. आणखी एकदाही जमलं.

घरी परतलो तर टो ट्रक दारात उभा. त्याची साखळी बघून माझे चारही टायर नरम झाले. निमिष ड्राइव्हवेवर उभा होता. आश्लेषाने मला वळवलं, उताराच्या ड्राइव्हवेवर चढवलं, मध्येच मुद्दाम थांबवलं, हँडब्रेक ओढला, आणि नवऱ्याच्या डोळ्यात बघत पुन्हा वर नेलं.

निमिष टो ट्रकवाल्याकडे गेला आणि त्याला सॉरी म्हणाला.

"नुसतं सॉरी काय," शैलजाबाई म्हणाली. "सकाळी सकाळी आलाय बिचारा. चहा दे त्याला आणि पाठव."

तो चहा पीत असताना निमिषने हळूच बायकोला विचारलं, "मला पण शिकवशील?"

"आईंना विचार. त्यांची वेटिंग लिस्ट असते."

काल ते सगळे इटलीला गेले. विजेवरच्या गाडीतून विमानतळावर गेले, त्याचं मला वाईट वाटलं नाही. मी काही इटली बघणार नाही. पण त्या घाटात गाडी चढेल तेव्हा आश्लेषाच्या पायाला जे कळेल, ते माझ्याकडून गेलेलं असेल. खलबत्ता बॅगेत बसला. वजन केलं तेव्हा शैलजाबाईच्या दोन साड्या बाहेर आल्या.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात जी वस्तू कोपऱ्यात उभी असेल, तिला उचलून द्यायच्या आधी एकदा चालवून बघा. आणि चालते तोवर अधूनमधून चालवत राहा. आम्हाला झाकून ठेवलं म्हणजे जपलं असं होत नाही. उभं राहून आम्ही गंजतो. माणसांचंही तसंच असतं, पण ते मी सांगायला नको, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस सांगेल. त्याच्याजवळ जरा बसा.

शैलजाबाईने माझी किल्ली शेजारच्या विनीताकडे दिली आहे. तिला बजावून सांगितलंय, बॅटरी मरू द्यायची नाही, रोज गल्लीत एक चक्कर मारायची. "काकू, मला गिअरची येत नाही हो," ती म्हणाली होती. "येईल," शैलजाबाई म्हणाली, आणि विजेवरच्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून निघून गेली.

आज सकाळी विनीता आली. बसली, पट्टा लावला, किल्ली फिरवली, काहीतरी दाबलं, काहीतरी सोडलं. मी जागच्या जागी उडी मारून बंद पडले. तिने आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाली, "सॉरी हं."

गाडीला सॉरी म्हणतेय. म्हणजे ही शिकेल.