पडद्यावरच्या सिंधूवन्सं

आमची कांचन माझ्या पोटची नाही, हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. भोपाळमधल्या अर्ध्याअधिक नागपूरकरांना ते एका रविवारी सकाळी थेटरात बसल्या बसल्या कळलं, तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात नागपूरची राजधानी गेली आणि आमचं बिऱ्हाड भोपाळला आलं. माझे यजमान नरहर सचिवालयात हेडक्लार्क. फायलींबरोबर आपल्यालाही बांधून आणलं, असं ते म्हणायचे. नव्या भोपाळात तेव्हा निम्मे क्वार्टर बांधून व्हायचे होते. आम्हांला टीनशेड नावाच्या वस्तीजवळ दोन खोल्या मिळाल्या. आजूबाजूला सगळे नागपूरचेच. घरात आम्ही चौघं: हे, मी, कांचन आणि ह्यांची धाकटी बहीण सिंधू. मी त्यांना वन्सं म्हणत असे.

वन्सं सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. दोन वर्षांनी त्यांना दिवस गेले. तो माणूस कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तो कधी आलाही नाही. सासूबाई दिवसभर विहिरीकडे बघत बसायच्या. मला ते बघवेना. मीच म्हटलं, मला दिवस राहिलेत असं लोकांना सांगा. मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही दोघी वाशीमजवळ माझ्या वडिलांच्या मळ्यात सात महिने राहिलो. परत आलो तेव्हा कांचन माझ्या मांडीवर होती आणि वन्सं ट्रंकेवर हात ठेवून शेजारी बसल्या होत्या. मला पुढे मूल झालं नाही. कांचन मला आई म्हणाली, त्यांना आत्या. वीस वर्षं हे इतकं सुरळीत चाललं, की कधीकधी मलाच बाळंतपणाच्या कळा आठवल्यासारख्या वाटायच्या.

ह्यांना लिहिण्याचा नाद होता. नागपूरला असताना ह्यांची एक कादंबरी छापून आली, ‘उसनी कूस’. भोसल्यांच्या काळातली गोष्ट. एका सरदाराची विधवा बहीण, तिची मुलगी, आणि ती मुलगी आपली म्हणून वाढवणारी भावजय. छपाईआधी तपासायला आलेली मुद्रितं मी वाचली आणि तशीच हातात घेऊन ह्यांच्यापुढे उभी राहिले.

“हे वन्संना विचारलंत का?” मी म्हटलं.

“शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती,” हे म्हणाले. “ढालतलवारीत कोण ओळखणार?”

खरोखरच कुणी ओळखलं नाही. लोकांनी सत्कार केला. वन्सं पोथीशिवाय काही वाचत नसत. लढायांची कादंबरी आहे, असं ह्यांनी त्यांना सांगून टाकलं होतं. कांचनने मात्र ती तीनदा वाचली. मी गप्प राहिले. माझा दोष तिथून सुरू होतो.

सत्तावन्नच्या हिवाळ्यात त्या कादंबरीवर सिनेमा काढायला मुंबईहून मंडळी आली. तलावाकाठचा एक रिकामा महाल त्यांना भोसल्यांचा वाडा म्हणून हवा होता. दिग्दर्शक गोपीनाथराव गाडी पाठवून ह्यांना बोलावून नेत. कांचन टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती. तिथल्या सगळ्या मुलींना तिने सांगून ठेवलं होतं की पहिल्या खेळाला सगळ्यांनी यायचं.

नायिका वंदना नावाची होती. विधवेचं काम तिचं. तिला जुन्या बायकांचं उठणं-बसणं शिकायचं होतं. ह्यांनी पुढचामागचा विचार न करता तिला आमच्या घरी पाठवलं. “आमची सिंधू नऊवारी नेसते, तिच्याकडे बघा.”

ती आठ दिवस रोज दुपारी यायची. वन्संमागे चालायची. त्या पदर कसा सारतात, उठताना जमिनीवर उलटा हात कसा टेकतात, बोलण्याआधी ओठांवरून अंगठा कसा फिरवतात, सगळं करून बघायची. वन्सं हसायच्या. इतकं कुणी आपल्याकडे बघावं, हे त्यांच्या आयुष्यात झालंच नव्हतं. मला वाटलं, चार दिवस करमतंय तर करमू दे.

आठव्या दिवशी वंदना म्हणाली, “आत्याबाई, आता एकच दाखवा. ही बाई आपली तान्ही मुलगी भावजयीच्या ओटीत देते. कशी देईल?” आणि तिने कागद काढून संवाद वाचला. “वहिनी, तीन दिवस पाजलंय मी हिला. चौथ्या दिवशी माझी छाती बांधा, आणि मी ओरडले तर दार उघडू नका.”

हे वाक्य वन्सं माझ्याशी बोलल्या होत्या. मळ्यातल्या खोलीत. मी ते ह्यांना सांगितलं होतं, एकदाच, रडत रडत.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मग जवळची उशी उचलली, छातीशी धरली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. ठेवल्यावर हात लगेच मागे घेतले. “अशी,” त्या वंदनेला म्हणाल्या. “थांबायचं नाही. थांबली तर देणार नाही ती.”

वंदनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्यांच्या पाया पडून गेली.

दार लागल्यावर वन्सं म्हणाल्या, “वहिनी, तुम्हांला ठाऊक होतं?”

मी होकाराची मान हलवली.

“दादाने सगळं लिहिलंय?”

“सगळं.”

संध्याकाळी हे आल्यावर वन्संनी त्यांच्यासमोर हात जोडले. धाकटी बहीण असं हात जोडते हे पाहून हे होते तिथेच खाली बसले. “दादा, हे थांबव. तुझं नाव लागतंय, तू थांबवू शकशील.”

दुसऱ्या दिवशी हे महालावर गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. करार झालेला, शूटिंग निम्मं झालेलं. शिवाय गोपीनाथरावांनी सांगितलं होतं की कादंबरीचा शेवट फार मुका आहे, लोक उठून जातील. सिनेमात आई मरताना मुलीला सगळं सांगणार होती.

“मी पाय धरले त्यांचे,” हे म्हणाले. “ते म्हणाले, लेखकांना नेहमीच असं होतं.”

पुढचे महिने कसे गेले सांगता येत नाही. वन्सं जेवेनाशा झाल्या. ओठांवर अंगठा न्यायची सवय मोडायची म्हणून त्यांनी अंगठ्याला चिंधी बांधली; कांचनने विचारलं तर म्हणाल्या, चिरलंय. ह्यांनी बदलीचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. सिनेमा लागायच्या आधीच्या आठवड्यात वन्सं माझ्याजवळ येऊन बसल्या.

“वहिनी, परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा मी सांगते तिला. पण आई तुम्ही आहात. तुम्ही हो म्हणालात तरच.”

एवढं सरळ मागणं होतं. वीस वर्षांत त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि मी म्हटलं, “नको, वन्सं. तिच्या लक्षातसुद्धा येणार नाही.” मला कांचन जायला नको होती. एवढंच कारण. त्या उठल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

रविवारी सकाळचा खेळ खास नागपूरकर मंडळींसाठी होता. छातीत दुखतंय म्हणून मी अंथरूण धरलं. कांचनने शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, थेटरात बसल्यावर बरं वाटेल. शेवटी आम्ही सगळे गेलो. ह्यांना पुढे खुर्चीत बसवलं, हार घातला. मागच्या रांगेत मी, कांचन, वन्सं.

वंदना पडद्यावर आली, उलटा हात टेकून उठली, आणि ओठांवरून अंगठा फिरवला.

“अगंबाई, ही तर आपली सिंधूताई,” शेजारच्या सुमित्राबाई म्हणाल्या. मोठ्याने, कौतुकाने. सगळ्या बायका हसल्या. पुन्हा पदर सारला, पुन्हा हसल्या. कांचनही हसत होती. तिने वन्संचा हात हातात घेतला होता. “आत्या, बघ ना, हुबेहूब तू.”

मग मळ्यातली खोली आली. मूल ओटीत दिलं, हात मागे घेतले. हसणं एकेका रांगेतून थांबत गेलं. सुमित्राबाईंनी मान वळवून कांचनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी वंदना मरताना बोलू लागली तेव्हा थेटरात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. कांचनने वन्संचा हात वर उचलला. तिने तो स्वतःच्या हातांशेजारी धरून पाहिला, बोटं, नखं, आणि मग सोडला.

उजेड झाला. लोक ह्यांना भेटायला पुढे गेलेच नाहीत. कांचन एकटी चालत घरी गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ उभी होती. मला वाटलं, ती विचारेल, माझी आई कोण. तिने ह्यांना विचारलं, “बाबा, हे लिहिताना तुम्ही आत्याला विचारलं होतं?”

“नाही.”

“मला?”

मी पुढे झाले. “कांचन, आत्या तुला सांगणार होती. मीच नको म्हटलं.”

“म्हणजे सगळ्यांनी माझं काय करायचं ते ठरवलं,” ती म्हणाली. “आणि मी मैत्रिणींना तिकिटं वाटली.”

महिन्याभरात तिने नागपूरला बदली मागून घेतली आणि बायकांच्या वसतिगृहात राहायला गेली. आम्ही तिघं त्या दोन खोल्यांत राहिलो. बायका नळावर गप्प व्हायच्या. ह्यांनी टाक आणि दौत कपाटात ठेवली ती ठेवलीच. वन्सं ह्यांना एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. वाढायच्या तेव्हा पानाकडे बघून वाढायच्या. मी रोज पोस्टमनची वाट पाहायची. मी कांचनला अकरा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही.

पावसाळा संपता संपता पत्र आलं. पाकिटावर वन्संचं नाव. आत दोन ओळी: टायफॉईड झाला आहे, हॉस्पिटलात आहे, आत्या, तू ये.

मी त्यांची पिशवी भरली. स्टेशनवर गाडी उभी होती, त्यांनी खिडकीतून माझं मनगट धरलं. “वहिनी, तुम्हीही चला. मी सांगते तिला.”

“नको,” मी म्हटलं. “पत्र तुमच्या नावाचं आहे.” आणि मग न राहवून सांगितलं, “ताप चढला की ती पायांवरचं पांघरूण फेकते. फेकू देऊ नका.”

“हो,” त्या म्हणाल्या. त्यांना ते माहीत नव्हतं. तिच्या आजारपणात रात्री मीच उशाशी बसायची. त्यांना मी कधी बसू दिलं नव्हतं.

गाडी हलली. फलाटावर मी बरीच पुढे चालत गेले, मग थांबले.