गाडीतली मोजणी

ड्रायव्हरकाकांच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी त्यांच्या शाळेच्या बसमध्ये एक नवी मुलगी आली. बसमध्ये मुलं सतरा आणि त्यांच्या भाषा नऊ. पण ही कोणाशीच बोलेना. महिनाअखेरपर्यंत बोलली नाही, तर आई तिला शाळेतून काढणार होती.

काकांची रीत अशी, की डोकी मोजल्याशिवाय गाडी हलायची नाही आणि मोजायचं रोज वेगळ्या मुलाच्या भाषेत. नव्या मुलीच्या भाषेतले आकडे त्यांनी फाटकापाशी तिच्या आईकडून घोकून घेतले. पण दुसऱ्या दिवशी अकराच्या पुढचा आकडा काही केल्या आठवेना.

“काका, शाळा बुडली!” मागून एक कारटं ओरडलं.

“बुडू दे. मोजणी अर्धी टाकून मी गाडी काढत नसतो.”

काका पुन्हा एकपासून निघाले आणि पुन्हा अकरावर अडले. तेव्हा ती मुलगी उठली, मोठ्याने बारा म्हणाली आणि एकेकाच्या डोक्याला हात लावत थेट सतरापर्यंत गेली. काकांनी आधी डोळे पुसले, मग गाडी सुरू केली.

पुढची चार वर्षं ते तिच्याकडून तिची भाषा शिकले. ती शाळेची शेवटची परीक्षा पास झाली, त्याच उन्हाळ्यात ड्रायव्हरकाका वारले.