लांब पायांचं कुणीतरी

आमच्या ह्यांनी जुनी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. लाल, बुटकी, दोनच सीटांची. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसतात तिला. माझ्या कपाळावरून कधी इतक्या मायेने हात फिरवला असेल तर शपथ!

आणि मी कोण? गॅरेजवाली. घराला लागूनच माझं गॅरेज. ह्यांचा आधीचा खटारा, सासूबाईंची गाडी, ह्यांच्या साहेबांचीसुद्धा, सगळ्या माझ्या हाताखालून गेल्या. पण हिच्या बॉनेटला हात लावायला गेले की, "राहू दे गं, ही नाजूक आहे." मी काय घण घेऊन फिरते?

शेवटी काल स्वतःहून आले. "बघ ना जरा. चढावर पिकअप घेताना अडखळते. झटके देते, मग सुटते."

"शेजारी कुणी असतं तेव्हा?"

"छे, एकटाच तर असतो मी."

मला आतून उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा मख्ख ठेवला. गॅरेजमागचा चढ एकटीने चढले. गाडी लोण्यासारखी गेली. मग ह्यांना चालवायला सांगून मी शेजारी बसले. बसण्याआधी ह्यांनी माझ्याखाली जुनी चादर अंथरली, तेही गिळलं. तरी गाडी अडखळेना.

"रोज करते गं, खरंच!"

मी मागे टेकले आणि तेव्हा कुठे लक्षात आलं. सीट पार मागे सरकवलेली होती. माझे पाय पुढच्या पत्र्यापर्यंत पोचतच नव्हते.

कुणीतरी लांब पायांची! उंच, सडपातळ, हातांना ग्रीसचा वास नसलेली. नक्की ऑफिसातली. केस मोकळे सोडून बसलेली मला दिसायलाच लागली मेली.

गाडी आत घेतली आणि सीटपुढचा गालिचा उचकटला. ह्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर तिथे असतो. त्याचा जाड प्लग खटका न लावता नुसता टेकवलेला होता. इंजिन चालू ठेवून मी तो तळहाताने ढकलला. इंजिन लगेच अडखळलं. हात काढला, सुरळीत. म्हणजे चढावर शेजारचं माणूस पाय ताणतं, प्लग हलतो आणि गाडी गचके खाते.

"कोण बसतं इथे?" मी विचारलं.

हे आधी गडबडले, मग चक्क हसले. "अगं वेडे, तुला काय वाटलं? लंबू बसतो."

लंबू म्हणजे पलीकडच्या गल्लीतला मेकॅनिक. ताडमाड, तोंडाळ, माझी गिऱ्हाइकं पळवणारा.

"सर्व्हिसिंग त्याच्याकडे केलं, तेव्हापासून हे सुरू झालं. रोज सकाळी माझ्याबरोबर चक्कर मारतो बिचारा, पण दोष सापडत नाही त्याला."

सापडेल कसा? खटका लावायला विसरला तोच, आणि ढांगाही त्याच्याच!

ह्यांना वाटलं, मी सुटकेचा निःश्वास टाकेन. अहो, बाई असती तर भांडले असते, रडले असते, तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण मेकॅनिक? घरात मी असताना? अंगाची नुसती लाही लाही झाली.

तरी प्लग नीट बसवून खटका लावला. खट्. "झालं. आता नाही अडखळणार."

"एवढंच होतं? वा!" ह्यांचा चेहरा उजळला. "लंबूला नको हं सांगायला, वाईट वाटेल त्याला. आपोआप थांबलं म्हणेन."

"बरं. चला, एक चक्कर मारून येऊ."

"तू नको गं. तुझे हात तेलकट, सीटला डाग पडायचा. मी एकटाच जाऊन येतो."

हे चष्मा आणायला आत गेले. मी वाकले, खटका सोडवला आणि गालिचा होता तसा पसरला. एकटेच गेले तर काहीच होणार नव्हतं.

दारात हात पुसत उभी राहिले. गाडी कोपऱ्यापर्यंत झकास गेली. मग थांबली. दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचाही आला.

थोड्या वेळाने मागच्या चढावर इंजिनाने जोर धरला, आणि अडखळलं. लंबूने पाय ताणले होते.